पावर्ड स्पीकरचा मधेच जाणारा इनपुट : दुरुस्तीच्या नोंदी

३ ऑगस्ट

स्पीकर बारा इंची, टू-वे (खालच्या आवाजाला वूफर, वरच्याला ट्वीटर), ॲम्प्लिफायर आतच. मागच्या पॅनेलवर दोन कॉम्बो इनपुट (एक्सएलआर म्हणजे तीन पिनांचा प्लग किंवा साधा जॅक प्लग, दोन्ही बसतात), दोन्हींना वेगळा लेव्हल नॉब आणि माइक-लाइन स्विच, शिवाय चॅनेल एकचा एक्सएलआर लिंक आउट. जोडीतला हा डावा, म्हणजे मिक्सरचा सिग्नल आधी याच्यात येतो आणि याच्या लिंकमधून उजव्याला जातो.

तक्रार अशी की मधेच आवाज जातो. कधी बारीक होतो आणि मागे हम (घूं असा घुमणारा आवाज) येतो, कधी पूर्ण बंद, कधी करकर करत परत येतो. वायर हलवली की येतो असं एक जण सांगतो आणि डब्यावर थाप मारली की येतो असं दुसरा, दोघंही रोज हाच स्पीकर लावणारे, त्यामुळे कोणाचंच म्हणणं बाजूला टाकता येत नाही. याआधी एकदा पॅनेल काढून आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारलेला आहे, त्यानंतर बरेच दिवस नीट चालला आणि मग पुन्हा तेच.

आज काहीच उघडलं नाही आणि मुद्दाम उघडलं नाही. मधेच येणाऱ्या दोषाचा त्रास हाच असतो की पॅनेल काढलं, एखादा कनेक्टर हलला, की तो गायब होतो आणि आपण नक्की कशाने बरा केला ते कळतच नाही. तेव्हा आधी दोष आपल्या मर्जीने आणता आला पाहिजे, मगच स्क्रू ड्रायव्हर. तोपर्यंत दर वेळी आवाज गेला की तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: आवाज कमी झाला की पूर्ण गेला, पॅनेलवरचा हिरवा सिग्नलचा दिवा काय करतोय, आणि लिंकवरचा उजवा स्पीकर काय करतोय. या तीन गोष्टी बघायला हत्यार लागत नाही, फक्त आवाज गेल्यावर लगेच हात वायरकडे न नेता आधी बघायची सवय लागते.

५ ऑगस्ट

केबल आणि मिक्सर आधी बाजूला काढले. मिक्सरचं दुसरं आउटपुट वापरून बघितलं, दुसरी खात्रीची केबल लावली, फँटम पावर (मिक्सर माइकसाठी केबलमधून सोडतो ते व्होल्टेज) बंद असल्याचं बघून घेतलं. जुनी केबलसुद्धा तपासली पण मल्टिमीटरच्या बीपवर नाही. बरेच मीटर तीस-चाळीस ओहमलासुद्धा बीप देतात, त्यामुळे अर्धवट तुटलेली तार पास होऊन जाते. त्यापेक्षा चांगल्या उजव्या स्पीकरला ती केबल लावायची, एक स्थिर टोन सोडायचा आणि केबल टोकापासून टोकापर्यंत, विशेषतः दोन्ही कनेक्टरांच्या मानेजवळ, वाकवत जायची. गाण्यात बारीक करकर लपते, स्थिर टोनमध्ये लगेच ऐकू येते. केबल निर्दोष निघाली. डाव्याचा दोष नव्या केबलवरही आला.

८ ऑगस्ट

टेबलावर मांडामांड केली आणि आज खरं काहीतरी हाती लागलं.

मिक्सरमधून २०० हर्ट्झचा टोन सोडला. १ किलोहर्ट्झ न घेता २०० का, तर साध्या मल्टिमीटरची एसी रेंज काहीशे हर्ट्झच्या वर नीट मोजत नाही, आणि पुढे याच टोनवर मोजमापं करायची आहेत. प्लगच्या पिन दोन आणि तीन (सिग्नलच्या दोन बाजू, पिन एक ग्राउंड) यांच्यात १ व्होल्ट येईल एवढी लेव्हल ठेवली, आणि स्पीकरचा नॉब असा लावला की सिग्नलचा दिवा जेमतेम लागलेला राहील. हे महत्त्वाचं आहे कारण दिवा भरपूर सिग्नलवर लागलेला असेल तर सिग्नल निम्मा झाला तरी तो तसाच लागलेला राहतो आणि काहीच सांगत नाही.

मग प्लग धरून हळूच खाली दाबला. आवाज निम्म्याच्याही खाली, हम सुरू, दिवा विझला. आणि उजव्या स्पीकरचा आवाजही त्याच क्षणी पडला. प्लग वर उचलला की दोन्ही पूर्ववत. हे पाहिजे तेव्हा करता येतंय.

त्यानंतर टोन चालू ठेवून दुसरं काम करत बसलो तर बऱ्याच वेळाने डावा पूर्ण गप्प झाला. हात न लावता बघितलं. दिवा लागलेला. उजवा मजेत चालू. डब्याच्या बाजूवर हलकी थाप मारली तर करकर होऊन आवाज आला.

म्हणजे हे एक नाहीये, दोन वेगळे दोष आहेत, आणि वायर हलवणारा आणि थाप मारणारा दोघंही खरं सांगत होते. इतके दिवस दोन्ही एकाच नावाखाली, लूज कॉन्टॅक्ट म्हणून, गणले जात होते आणि म्हणूनच एकाचा उपाय केला की दुसरा येऊन तो उपाय खोटा पाडायचा. यापुढे नोंदींमध्ये पहिल्याला ‘प्लगचा’ आणि दुसऱ्याला ‘थापेचा’ म्हणतो.

प्लगच्या दोषात उजवाही पडतो, म्हणजे बिघाड लिंकचा फाटा फुटतो त्याच्याही आधी, जॅकमध्ये किंवा जॅकच्या सोल्डरमध्ये. थापेच्या दोषात दिवा लागलेला राहतो, आणि दिवा इनपुट बोर्डवर आहे, म्हणजे सिग्नल तिथवर पोचतोय आणि त्याच्या पुढे कुठेतरी तुटतोय.

९ ऑगस्ट

फक्त खात्रीसाठी चॅनेल दोनवर टोन दिला. तिथे प्लग कसाही दाबला तरी काही होत नाही. थापेचा दोष मात्र दोनवरही आला. कालचं वाचन बरोबर आहे. दोन्ही चॅनेल एकत्र होतात त्याच्या पुढचा भाग थापेच्या दोषाला जबाबदार.

लेव्हल नॉब आणि माइक-लाइन स्विच यांच्यावरचा संशयही इथेच संपला, कारण दोन्ही चॅनेलचे ते वेगळे आहेत आणि दोन्हींचे एकाच वेळी तसेच खराब होणं अवघड.

१२ ऑगस्ट

उघडला. करणाऱ्यांसाठी आधी हे: मेन्सची वायर स्पीकरमधूनच काढून टाका, नुसता स्विच बंद करू नका. एसएमपीएसच्या (आतल्या पावर सप्लायच्या) मोठ्या कपॅसिटरवर २३० व्होल्ट सप्लायला साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतो, पीएफसी (पावर फॅक्टर करेक्शन) असलेल्या सप्लायमध्ये ४०० च्या आसपास, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो. थांबा, मग मीटर डीसी रेंजवर ठेवून खरंच उतरलाय का ते मोजा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची पद्धत दिसते सगळीकडे, ती वापरू नका, उतरला नसेल तर योग्य वॅटचा रेझिस्टर लावून उतरवा. आणि हम घालवायला म्हणून मेन्सच्या प्लगची अर्थ पिन काढणं हा उपाय नाही, पॅनेल धातूचं आहे आणि ती पिन माणूस वाचवायला आहे.

पॅनेलचे स्क्रू काढल्यावर ॲम्प्लिफायरसकट सगळं एका तुकड्यात बाहेर येतं. वूफर आणि ट्वीटरच्या वायरी आखूड आहेत, ओढायच्या नाहीत, आधी फोटो काढून मग टॅब सोडवायचे. हा बाय-ॲम्प आहे, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला वेगवेगळे ॲम्प्लिफायर, वूफरचं आउटपुट चुकून ट्वीटरला लागलं तर ट्वीटर गेला, म्हणून वायरींना चिकटपट्टीच्या खुणा केल्या. पॅनेलच्या कडेला असलेली फोमची पट्टी जपून ठेवली, तिच्याबद्दल पुढे.

आत इनपुट बोर्ड वेगळा, त्याच्यावर जॅक, नॉब, स्विच आणि दिवे. तिथून आठ वायरींची केबल ॲम्प्लिफायरच्या बोर्डला जाते. बोर्डवर छापलंय त्याप्रमाणे याच केबलमधून प्लस-मायनस १५ व्होल्ट येतात आणि सिग्नल जातो. कनेक्टर अजिबात हलवला नाही. हात लावायचा मोह होतो, पण थापेच्या दोषाचा पहिला संशयित तोच आहे आणि तो एकदा काढून लावला की पुरावा पुसला.

१३ ऑगस्ट

प्लगचा दोष. चॅनेल एकला टोन, पॅनेल टेबलावर आडवं, मेन्सची बाजू जाड इन्सुलेटिंग शीटने झाकलेली, एक हात खिशात. मीटरची काळी प्रोब पिन एकच्या ग्राउंडला. जॅकच्या पिन दोनच्या सोल्डरवर अर्धा व्होल्ट, पिन तीनच्या पायावर अर्धा व्होल्ट. (या मिक्सरचं आउटपुट दोन्ही पिनांवर सिग्नल देतं म्हणून असं निम्मं-निम्मं येतं, काही मिक्सरांत पिन तीनवर सिग्नल नसतो, तिथे ही मापं वेगळी येतील.) आता प्लग खाली दाबून पुढच्या रेझिस्टरवर बघितलं, पिन दोनच्या बाजूचं माप तसंच, पिन तीनच्या बाजूचं शून्याजवळ डगमगतंय. पिन तीनचा पाय आणि बोर्डवरचं त्याचं पॅड (तांब्याचा ठिपका) यांच्यात तुटतंय.

सप्लाय काढून भिंगातून बघितलं. सरळ उजेडात सोल्डर ठीक दिसतं. टॉर्च अगदी तिरका धरला तेव्हा पिनभोवती बारीक राखाडी गोल दिसला, पूर्ण वर्तुळ. प्लॅस्टिकच्या काडीने पिन ढकलली की ती सोल्डरच्या आत हलताना दिसते. तडकलेल्या सोल्डरचा हा अगदी ठरलेला नमुना.

पण सोल्डर का तुटलं हे कळल्याशिवाय ते नुसतं परत लावण्यात अर्थ नाही. जॅक पॅनेलला दोन स्क्रूंनी धरलेला असायला पाहिजे. एक स्क्रू आत खाली पडलेला सापडला आणि दुसरा बोटाने फिरला. म्हणजे केबलचं वजन, प्लग घालताना लागणारा जोर, डब्याची थरथर, सगळं त्या सोल्डरच्या ठिपक्यांवर. बॅलन्स्ड सिग्नलची (पिन दोन आणि तीन या दोन बाजूंनी येणाऱ्या सिग्नलची) एक बाजू गेली की आवाज पूर्ण जात नाही, कमी होतो, आणि दोन्ही बाजूंवर सारखा आलेला हम एकमेकांत कटायचा तो कटत नाही, म्हणून आवाज पडला की हम वर यायचा.

१५ ऑगस्ट

सोल्डरिंग. जुन्या सांध्यावर नुसतं इस्त्रीसारखं आयर्न फिरवून वितळवलं तर काही दिवस चालतं पण पिनेवरचा ऑक्साइड आतच राहतो. म्हणून सगळं काढून नव्याने लावायचं ठरवलं.

फॅक्टरीचं सोल्डर शिसं नसलेलं, ते २१७ डिग्रीच्या वर वितळतं. ६३/३७ (कथील-शिशाचं) सोल्डर १८३ ला वितळतं. आधी फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावून जुन्यात थोडं नवं मिसळलं, मग ते मिश्रण सहज ओघळतं आणि विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) पूर्ण निघतं. तसं न करता थेट सोल्डर ओढायचा पंप मारत बसलं तर पॅड तापून उचललं जायची भीती. जॅकच्या प्लॅस्टिकचीही काळजी आहे, गरम झालं की पिन तिरकी होते, तेव्हा सोल्डर करताना जॅकमध्ये एक मेल एक्सएलआर घालून ठेवला, तो पिना जागेवर धरतो आणि थोडी उष्णताही ओढून घेतो. या एका गोष्टीने काम फार सोपं होतं.

पिन तीन केल्यावर दोन्ही जॅकच्या आणि लिंकच्या सगळ्याच पिना केल्या. बाकीच्या फुटलेल्या दिसत नव्हत्या पण त्याच धक्क्यांत होत्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने फ्लक्स साफ.

स्क्रूसाठी जॅकच्या प्लॅस्टिकची भोकं सैल झाली होती. किंचित जाड, त्याच लांबीचा स्क्रू घातला, हाताने, अंदाज घेत. थ्रेड लॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) वापरला नाही, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. क्रम असा ठेवा: आधी जॅक पॅनेलला स्क्रूने बसवा, मग शेवटचं सोल्डर करा. उलट केलं तर स्क्रू आवळताना सोल्डरवर ताण आधीच बसतो.

सामानाचा खर्च नगण्य, सोल्डर आणि विक घरातच होते. वेळ मात्र जातो, घाई केली तर पॅड जातं.

१६ ऑगस्ट

चॅनेल एकवर टोन, प्लग चारी बाजूंनी दाबला, ओढला, वळवला. आवाज केसभरही हलत नाही, दिवा स्थिर, उजवा स्थिर. प्लगचा दोष संपला.

आणि थापेचा दोषही येत नाहीये. संध्याकाळभर टोन चालवला, थापा मारल्या, काही नाही. इथे बऱ्याच जणांची दुरुस्ती संपते आणि मला वाटतं मागच्या वेळीही इथेच संपली असावी. पण नोंदीत दोन दोष वेगळे आहेत आणि आपण ज्याला हात लावला त्यातल्या कशानेच थापेचा दोष जाण्यासारखा नव्हता, दिवा लागलेला असताना आवाज गेला होता. बोर्ड बाहेर काढताना हलल्यामुळे तो दोष तात्पुरता दबलाय, एवढंच. पॅनेल परत लावलं नाही.

१९ ऑगस्ट

थापेचा दोष परत आणण्यात हे दिवस गेले.

फ्रीझ स्प्रे (भाग झटकन गार करणारा): एकेका भागावर थोडा थोडा मारून बघितला. काहीच फरक नाही. वर दव धरतं ते वेगळंच, सुकेपर्यंत थांबावं लागतं. केस वाळवायच्या यंत्राने हलकं तापवून बघितलं, तेही निष्फळ. निदान एखादा आयसी तापून बंद पडतोय ही शक्यता मागे पडली.

प्लॅस्टिकच्या काडीने टकटक: कुठेही ठोकलं तरी सगळा बोर्ड थरथरतो, त्यामुळे जागा कळत नाही. ठोकण्याऐवजी हळू दाबून बघणं बरं, पण दोष आलेलाच नसेल तर दाबून काय कळणार.

मग विचार केला की हा दोष टेबलावर येत नाही आणि डब्यात येतो, तर डब्यात वेगळं काय आहे. वूफर. स्पीकरचा स्वतःचाच बोर्ड त्याच्याच आवाजाने हादरत असतो.

२१ ऑगस्ट

दोष पकडायची तयारी. आठ वायरींच्या कनेक्टरमधली सिग्नलची पिन आणि तिच्या शेजारचं ग्राउंड शोधलं, आणि सोल्डरच्या बाजूने बारीक टेस्ट वायरी जोडल्या: एक इनपुट बोर्डकडे आयसीच्या आउटपुटवर, एक ॲम्प्लिफायर बोर्डकडे कनेक्टरच्या पुढच्या रेझिस्टरवर, एक ग्राउंड. प्रत्येकीत १ किलोओहमचा रेझिस्टर घातला, वायर चुकून कुठे टेकली तर काही जळू नये म्हणून, मीटरच्या मापाला त्याने फरक पडत नाही. वायरी स्पीकरच्या पोर्टमधून (डब्याच्या हवेच्या भोकातून) बाहेर आणल्या आणि पॅनेल पूर्ण बसवलं.

प्रोब थेट पिनेवर टेकवून मोजण्यापेक्षा हे खटाटोप कशाला, तर प्रोबचा दाबच दोष बरा करतो. बाहेरून मोजलं की आतल्या कशालाही धक्का नाही.

मग ४० ते १२० हर्ट्झ टोन अगदी सावकाश फिरवला. आवाज मध्यमच ठेवा आणि एका जागी फार वेळ थांबू नका, सततचा खालचा टोन वूफरची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तापवतो आणि तो त्रास गाण्यात जाणवत नाही. ७० च्या आसपास करकर सुरू झाली. त्याच्या खाली नाही, वर नाही. पुन्हा मागे जाऊन आलो, त्याच ठिकाणी पुन्हा करकर. त्याच जागी थोडं रेंगाळलो आणि आवाज गेला.

इनपुट बोर्डकडचं माप: जसंच्या तसं. ॲम्प्लिफायरकडचं: जवळजवळ शून्य. मधे फक्त ती केबल आणि कनेक्टरची सिग्नलची पिन आहे.

२३ ऑगस्ट

आता कनेक्टर काढला. सप्लाय बंद असताना, काढायच्या आधी त्या पिनेचा रेझिस्टन्स मोजला तर शून्याच्या जवळ, म्हणजे मीटरच्या मते ठणठणीत. प्रोब लावण्याचा धक्का पुरतो, आणि मीटर स्वतः थोडा करंट सोडतो, पातळ ऑक्साइडचा थर तेवढ्यानेही फुटू शकतो. ऑडिओच्या सिग्नलमध्ये करंट नाममात्र असतो, त्याला तो थर फोडायची ताकद नसते. त्याच कनेक्टरमधल्या १५ व्होल्टच्या पिना म्हणूनच निमूट चालत राहिल्या आणि सिग्नलची अडली.

भिंगातून पिनेवर काळसर ठिपके दिसतात, नेमके जिथे आतली स्प्रिंग टेकते तिथे. पिना टिनचा मुलामा दिलेल्या. टिनच्या कॉन्टॅक्टला सततची बारीक थरथर सोसत नाही, स्प्रिंग केसाएवढी मागेपुढे घासत राहते, दर घासण्याला ताजं टिन उघडं पडून त्याचा ऑक्साइड होतो आणि तोच चुरा कॉन्टॅक्टखाली साठतो. कनेक्टर काढून घातला की चुरा बाजूला सरकतो आणि सगळं छान चालतं. आणि मग पुन्हा साठतो. मागच्या वेळच्या स्प्रेने बरेच दिवस चालला त्याचं उत्तर हेच असणार, स्प्रे मारताना कनेक्टर काढून घातला असेल.

केबल बोर्डांमध्ये कुठेही बांधलेली नाही, मोकळी लोंबते. ७० हर्ट्झला तीच झुलत असणार.

२४ ऑगस्ट

पर्याय तीन दिसले. साफ करून परत लावणं, म्हणजे दोष पुढे ढकलणं. वायरी थेट बोर्डला सोल्डर करणं, हे पक्कं होईल पण पुढच्या वेळी पॅनेल सोडवताना कोणाला तरी आठ वायरी उकलाव्या लागतील, आणि थरथरीत सोल्डरच्या कडेला तार तुटते ते वेगळंच. तिसरा, दोन्ही बाजूंचे भाग नवे, सोन्याचा मुलामा असलेले, आणि केबल बांधून टाकणं. हा घेतला.

मागवताना सांभाळायची गोष्ट: हेडर (बोर्डवरचा पिनांचा भाग) आणि कॉन्टॅक्ट (केबलच्या टोकाचा भाग) दोन्ही सोन्याचा मुलामा असलेले घ्या, एक सोन्याचा आणि एक टिनचा अशी जोडी थरथरीत आणखी वाईट वागते. आणि पिनांमधलं अंतर नीट मोजा. २.५ मिलिमीटर आणि २.५४ मिलिमीटर हे दोन्ही प्रकार सर्रास मिळतात आणि दोन पिनांमध्ये मोजून फरक कळत नाही. आठ पिनांच्या ओळीत पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत व्हर्निअरने मोजा, २.५ असेल तर १७.५ येईल, २.५४ असेल तर १७.७८. माझा २.५ निघाला.

३० ऑगस्ट

भाग आले. दोन्ही हेडर बदलले, तोच फ्लक्स-विकचा क्रम. नवी केबल केली, जुनीएवढीच लांब, पण तीच वायर न वापरता बारीक आणि जास्त तारांची लवचिक घेतली.

कॉन्टॅक्ट योग्य क्रिम्पिंग टूलनेच दाबा. पकडीने दाबून वर सोल्डर भरायची सवय असते, त्याने सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि थरथरीत नेमका तिथेच तुटतो. क्रिम्प केल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून बघितली. टूल मागून आणलं, एका केबलसाठी विकत घेण्यासारखं नाही, पण ज्याला अशी कामं वारंवार करायची आहेत त्याने घ्यावंच, या सगळ्या दुरुस्तीत खर्चिक वस्तू तेवढीच.

केबल मधोमध बोर्डच्या खांबाला नायलॉन टायने बांधली, कनेक्टरजवळ थोडी ढील ठेवून. हेडरवर हॉट ग्लू टाकला नाही, चांगला कनेक्टर आणि बांधलेली केबल असताना त्याची गरज नाही आणि पुढच्या माणसाला तो खरवडावा लागतो.

चालू करायच्या आधी प्लस-मायनस १५ ची पिन आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना ते बघितलं. वायरींचा क्रम उलटा लागला तर इनपुट बोर्डचे आयसी एका क्षणात जातील, म्हणून फोटोशी दोनदा ताडून.

१ सप्टेंबर

टेस्ट वायरी अजून काढल्या नव्हत्या, त्यांच्यासकटच बंद करून ४० ते १२० हर्ट्झ पुन्हा फिरवलं. ७० वर रेंगाळलो, दोन्ही मापं सोबत चालली, करकर नाही. त्याच पट्ट्यात आवाज हळूहळू वाढवत नेला, नाही. मग टेस्ट वायरी काढून कायमचं बंद केलं.

बंद करताना फोमची पट्टी. एका कोपऱ्यात ती दबून चपटी झाली होती आणि पहिल्या वेळी बसवल्यावर खालच्या टोनला तिथून फुसफुस ऐकू आली. डब्यातली हवा तिथून सुटत होती. ऐकताना हे पुन्हा करकरच वाटते आणि माणूस परत इनपुटकडे वळतो, तेव्हा पॅनेलच्या कडेने हात फिरवून हवा लागते का ते बघा. नवी पट्टी, क्लोज्ड-सेल फोमची, कडेला सलग, सांधा खालच्या बाजूला. स्क्रू कोपऱ्यांतून आलटून पालटून आवळले, एकाच बाजूने आवळत गेलं तर पट्टी सारखी दबत नाही.

पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांतला सलग खळखळाट) कमी आवाजात रात्रभर चालवला. सकाळी दिवा लागलेला, आवाज चालू.

६ सप्टेंबर

मधल्या दिवसांत स्पीकर रोजच्या कामात जोरात वाजला, दोन्हीपैकी एकही दोष आला नाही. लावणाऱ्यांना सांगितलंय की केबल थेट जॅकवरून खाली लोंबकळत सोडू नका, हँडलला एक वेढा देऊन मग प्लग लावा, आणि मधे आवाज गेलाच तर हात लावायच्या आधी हिरवा दिवा आणि उजवा स्पीकर बघून मला तेवढं कळवा.

आज उजवाही उघडला, कारण दोघंही तेवढेच वाजलेत. त्याच्या जॅकचे दोन्ही स्क्रू सैल होते पण पिनांना वर्तुळं पडलेली नाहीत. स्क्रू जाड घातले. आठ वायरींची केबल तशीच मोकळी लोंबत होती, ती बांधली. कनेक्टरच्या सिग्नलच्या पिनेवर काळसर ठिपके आहेत, डाव्याएवढे नाहीत पण आहेत. सोन्याचे भाग जास्तीचे मागवले होते, केबलही पुढच्या आठवड्यात तशीच करतोय. तोपर्यंत याचं पॅनेल बंद केलं आणि आतल्या बाजूला तारीख आणि काय बदललं ते मार्करने लिहून ठेवलंय, डाव्याच्या आतही.